तिसऱ्या गाण्यावरची म्हैस

तो गेल्याची बातमी मी पेपरात वाचली. आतल्या पानावर, सोयाबीनच्या भावाच्या खाली, चार ओळी. मी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन बायकोला म्हणालो, "गेला."

"कोण?" भाकरी थापता थापता तिनं विचारलं.

"तो."

तिचे हात थांबले. तव्यावरची भाकरी उलटायची राहिली आणि जरा करपली. मग ती म्हणाली, "आंगुळ करता का? पाणी ठेवू?"

नात्यातलं माणूस गेल्याचं कळलं की आमच्याकडं आंघोळ करतात. तिच्या या प्रश्नात टोमणा किती होता आणि काळजी किती होती, हे इतक्या वर्षांच्या संसारानंतरही मला सांगता येणार नाही. मी आंघोळ केली. तशीही त्या दिवशीची राहिलीच होती.

त्याचं नाव मी इथं लिहीत नाही. आमच्या आयांच्या पिढीतल्या बायका जशा नवऱ्याचं नाव घेत नसत, तसं माझं त्याच्या बाबतीत झालंय. घरात तो नुसता 'तो' आहे. बायको 'तुमचा तो' म्हणते, पोरं 'पप्पांचा तो' म्हणतात. तो अमेरिकेतला, गिटार वाजवणारा. मी बीड जिल्ह्यातला, दूध सोसायटीचा सेक्रेटरी. आमची ओळख फक्त एका बाजूनं होती आणि ती पस्तीस वर्षं टिकली.

सुरुवात साखर कारखान्यात झाली. मी एकोणीस वर्षांचा होतो आणि आमच्या भागातल्या सहकारी कारखान्यात एका हंगामापुरता काट्यावर लागलो होतो. उसाच्या बैलगाड्या जिथं तोलतात तो काटा. वडील सभासद होते, आणि सभासदाच्या पोराला एक तरी हंगाम काट्यावर बसवायचा असा रिवाज होता. स्थळं बघताना 'मुलगा कारखान्यात हाय' असं म्हणता येई. मुलगा तिथं किती दिवस हाय, हे कोणी विचारत नसे.

नेमका त्या वर्षी पाऊस झाला नव्हता. ऊस रानातच वाळला आणि कारखाना दीड महिन्यात थांबला. बॉयलरवर पुण्याकडचे एक इंजिनिअर साहेब होते, माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठे. बॉयलर थंड, म्हणून साहेब रिकामे. दुपारी ते क्वार्टरच्या ओट्यावर टेपरेकॉर्डर लावून बसत. मी डबा खाऊन परत चाललो होतो, तेव्हा ते ऐकलं.

एक माणूस गिटार वाजवत होता आणि मधेमधे शेजाऱ्याची तक्रार सांगितल्यासारखं गात होता. शब्द एकही कळला नाही. पण गिटारचा एक सूर त्यानं असा ताणला, की मला वाटलं आता हा तुटणार. तुटला नाही. विहिरीतून ओढलेली भरली घागर काठावर टेकवावी, तसा त्यानं तो हळूच खाली आणून ठेवला. मी रिकामा डबा हातात धरून तिथंच उभा राहिलो.

साहेब म्हणाले, "आवडलं?"

मी म्हणालो, "हे काय हाय?"

ते म्हणाले, याला ब्लूज म्हणतात. तिकडं कापसाच्या रानात राबणाऱ्या लोकांचं हे गाणं. यानं त्यात रॉकचा मोठा आवाज मिसळलाय.

"कापूस म्हणजे आपल्यासारखाच का?"

"आपल्यासारखाच. वेचावा लागतो."

मग मला काही अडचण उरली नाही. आमच्या घरी कापूस होता, आत्याकडं तलवाड्याला तर कापसाशिवाय दुसरं काही नव्हतं. वेचून वेचून बोटांची सालपटं निघाली की माणूस असाच आवाज काढणार, हे मला लगेच पटलं.

कारखाना बंद झाल्यावर साहेब गेले आणि जाताना ती कॅसेट मला देऊन गेले. पहिल्या बाजूला पाच गाणी, दुसऱ्या बाजूला चार. पहिल्या बाजूचं तिसरं गाणं माझं. सात मिनिटांचं, संथ, आणि त्यात गाणं थोडं, वाजवणंच जास्त.

पुढं मी औरंगाबादहून गिटार आणली. तिच्याबद्दल मी थोडक्यात सांगतो, कारण घरात ही गोष्ट निघाली की बायको सविस्तर सांगते. माझी बोटं धारा काढून जाड झालेली. एक तार दाबायला गेलो की तीन दबत. दोन वर्षांत मला तिसऱ्या गाण्याची पहिली अर्धी ओळ आली आणि पुढची अर्धी आजतागायत आलेली नाही. लग्न होऊन बायको घरात आली, तेव्हा पहिल्या आठवड्यात तिनं सासूला हळूच विचारलं होतं, "ह्यांना हे रोजच असतं का?" आई म्हणाली, "अमुशा-पुनवेला जरा जास्त असतं."

गिटार माळ्यावर गेली. कॅसेट मात्र खाली राहिली, माझ्या शर्टाच्या खिशात किंवा टेपरेकॉर्डरमध्ये. तिसरी जागा तिला माहीत नव्हती.

आता छावणीचं सांगतो, कारण खरी गोष्ट तिथली आहे.

तेव्हा मी पस्तिशीचा होतो, आमच्या गावच्या दूध सोसायटीचा सेक्रेटरी. सलग तिसरं वर्ष पावसाविना गेलं. विहिरींच्या तळाशी माणसं उतरून वाटीनं पाणी भरत होती आणि कडबा बघायलाही मिळत नव्हता. आमच्या सोसायटीनं मांजरसुंब्याच्या अलीकडं, हायवेपासून अर्ध्या मैलावरच्या माळावर जनावरांची छावणी काढली. आसपासच्या गावांनी आपापली जनावरं आणून दावणीला बांधली आणि राखणीला घरटी एक माणूस तिथंच राहू लागलं. चारा, पाणी, पेंड सोसायटीनं पुरवायची. चेअरमन गावातले मोठे शेतकरी, वयानं माझ्या थोरल्या भावाएवढे, आवाज त्याहून मोठा. माझ्याकडं चाऱ्याचं वाटप आणि भोंगा.

भोंग्याची अडचण अशी होती, की त्याच्यावर माणूस बोलला तर छावणीतलं कोणी जागचं हलत नव्हतं. पहिल्या पंधरवड्यात चार पुढारी येऊन त्याच भोंग्यावरून तासतासभर बोलून गेले होते. त्यामुळं भोंग्यात खरखर झाली की लोक पाठ फिरवून तंबाखू मळायला लागत. मी ओरडायचो, "पेंड आली, पेंड घ्या," आणि माळाच्या टोकाला बसलेल्या माणसांना वाटायचं, आश्वासन चाललंय. नियम असा, की ज्याचं जनावर त्यानं स्वतः येऊन पेंड घ्यायची. म्हणजे पेंड इथं आणि माणसं तिथं.

मग एका सकाळी मी कॅसेट लावली. तिसरं गाणं. कारण सरळ होतं. ते सात मिनिटांचं होतं आणि छावणीच्या टोकावरून पेंडीच्या पोत्यांपर्यंत चालत यायला सातच मिनिटं लागत. मनात दुसरंही कारण होतं, पण ते मी कोणाला सांगितलं नाही.

चेअरमन धावतच आले. "हे काय लावलं बे? कुणी गचकलंय का?"

"गाणं हाय, अण्णा."

"गाणं हाय? मग ते माणूस रडायलंय कावून?"

"त्याचा कापूस गेला असंल."

पण लोक आले. भाषण नाही हे नक्की कळल्यामुळं आले. आठ दिवसांत सगळ्यांना सवय झाली. सकाळी सहा आणि संध्याकाळी पाच. गिटारचा पहिला सूर निघाला की माणसं घमेली घेऊन उठत आणि दोनशे-अडीचशे जनावरं एकदम तोंडं वर करत. माझ्या त्याला त्याच्या उभ्या आयुष्यात इतके एकचित्त श्रोते मिळाले असतील असं मला वाटत नाही.

भोंग्याच्या खांबाला लागून एका म्हातारीची दावण होती. ती जागा कोणालाच नको होती, कान किटतात म्हणून. ती सगळ्यात शेवटी आली, तेव्हा तिच्या वाट्याला तीच आली. मी तिला मावशी म्हणायचो. नात्यानं नव्हे, गावाच्या हिशोबानं. तिचा मुलगा आणि सून कोयता घेऊन पश्चिमेकडं ऊसतोडीला गेले होते. मागं राहिली ती आणि तिची एकुलती एक म्हैस. ती कोणाच्या दारात न जाता त्या म्हशीच्या दुधावर राहत होती.

छावणीत आल्यावर आठव्या दिवशी म्हशीचं रेडकू मेलं. त्यानंतर म्हैस पान्हा चोरू लागली. म्हणजे कासेत दूध आहे, पण ती सोडत नाही. मावशीनं कास कोमट पाण्यानं धुतली, पुढं डाळीची चुणी ठेवली, मेलेल्या रेडकाच्या कातड्यात पेंढा भरून ते तोंडापुढं उभं केलं. म्हशीनं हुंगलं आणि मान फिरवली. तिसऱ्या दिवशी लाथ मारून बादली उडवली.

"आणखी दोन-चार वेळा अशीच ऱ्हायली तर आटंल," मावशी मला म्हणाली. "आटली की लेक फोनवर सांगंल, बाजारात लाव. मग मला त्यांच्या संगं उसाच्या फडात, खोपीत जाऊन पडावं लागंल. मला न्हाई जायचं बाबा खोपीत. मी चाळीस वर्सं गेलते."

एवढंच ती बोलली आणि उठून कास धुवायला गेली.

त्याच संध्याकाळी पाच वाजता मी कॅसेट लावली. एरवी मावशी गाण्याच्या आधीच धारेला बसून उठत असे, पण त्या दिवशी कास धुण्यात उशीर झाला आणि ती अजून म्हशीखालीच बसलेली होती. गाणं सुरू झालं, म्हशीनं कान मागं टाकले, आणि गिटारचा तो ताणलेला सूर आला तिथं तिनं पान्हा सोडला. मावशीनं मान वर करून भोंग्याकडं बघितलं. मग खाली वाकली ती बादली भरेपर्यंत वर बघितलंच नाही.

दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी तसंच. जनावरांचे डॉक्टर आले, त्यांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, गाण्याचा काही संबंध नाही, गाण्याबरोबर पेंड येते, त्याचा संबंध आहे. मी म्हणालो, बघू. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांच्या समोरच गाणं न लावता म्हशीपुढं पेंड ठेवली. तिनं पेंड खाल्ली, डॉक्टरांकडं बघितलं आणि पान्हा काही सोडला नाही. मग मी गाणं लावलं आणि तिनं सोडला. डॉक्टर मोटरसायकलला किक मारून गेले. मी ही गोष्ट पुढचे पंधरा दिवस छावणीत येणाऱ्या प्रत्येक माणसाला सांगितली. ज्याला सांगितली नसेल तो त्या पंधरा दिवसांत मांजरसुंब्यावरून गेलाच नसेल.

फेब्रुवारीत इंजिनिअर साहेबांचं पाकीट आलं; वर्षाकाठी एखादं पत्र आमच्यात अजून चालू होतं. आत दोन ओळींची चिठ्ठी आणि एक तिकीट. तो पुण्याला येतोय. रविवारी संध्याकाळी, उघड्या मैदानावर. म्हातारा झालाय, तब्येत बरी नसते, परत येईल असं वाटत नाही. तू ये.

मी चिठ्ठी तीनदा वाचली आणि चेअरमनकडं एक दिवसाची रजा मागितली.

"कुणाचं लगीन हाय?" ते म्हणाले.

"लगीन न्हाई. तो येतोय." मी भोंग्याकडं बोट दाखवलं.

चेअरमननी भोंग्याकडं बघितलं. "जित्ता हाय का तो?" त्यांनी विचारलं. मग म्हणाले, "जाऊन ये. आमचा पण रामराम सांग. म्हणावं, जनावरं खुशाल हायत."

रविवारी सकाळी सहाला मी गाणं लावलं, पेंड वाटली, मावशीची बादली भरलेली बघितली. मग आंघोळ केली, लग्नातला शर्ट घातला, टेपरेकॉर्डरमधून कॅसेट काढून डबीत घातली आणि डबी खिशात टाकली. त्याच्याकडून तिच्यावर सही घ्यायची होती. सतरा वर्षं मी हेच करत आलो होतो. वाजवून झालं की कॅसेट खिशात. माझी कॅसेट, माझा खिसा. त्यात विचार करण्यासारखं काही आहे, हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

मांजरसुंब्याच्या चौकात पुण्याची एसटी मिळाली. शेजारी आष्टीच्या बाजाराला निघालेले एक मेंढरांवाले गृहस्थ बसले होते, लाल फेटा, मांडीवर घोंगडी. पाटोदा येईपर्यंत मी दम धरला. मग डबी काढून त्यांना दाखवली आणि सांगायला लागलो. हा कोण, कुठला, कसा वाजवतो. त्यांना त्यात फार गोडी दिसली नाही, म्हणून मी म्हशीवर आलो. म्हशीवर आल्यावर ते सरसावून बसले. मी सगळं सांगितलं. रेडकू, पान्हा, डॉक्टर, किक.

"म्हंजी ह्या डबीबिगर म्हस दूध देत न्हाई?" त्यांनी विचारलं.

"एक थेंब न्हाई," मी अभिमानानं म्हणालो.

त्यांनी डबीकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. "मंग आज सांच्याला कशावर देईल?"

मी डबी परत खिशात टाकली. जामखेड गेलं, माळ गेले, आष्टी येईपर्यंत मी खिशातली डबी चाचपत राहिलो. त्या गृहस्थांनी परत विचारलं नाही, ही त्यांची भलाई. उतरताना फक्त म्हणाले, "म्हातारीचं बघा बाबा."

आष्टीच्या स्टँडवर गाडी पंधरा मिनिटं थांबणार होती. मी खाली उतरलो. आज संध्याकाळची धार, उद्या सकाळची धार. मी परत येईपर्यंत दोन वेळा चुकणार होत्या आणि आधीच नाजूक झालेली ती म्हैस त्यात आटली असती. परतीची गाडी धरून मागं फिरायचं तर पुण्याचं कायमचं गेलं. हे दोन्ही मी एकाच वेळी मनात धरून उसाच्या रसाच्या गाड्याजवळ उभा होतो, तेवढ्यात पुण्याहून बीडला निघालेली एसटी समोर येऊन थांबली. मला सुटल्यासारखं झालं. आमच्याकडं एसटीचा ड्रायव्हर काय काय नेत नाही. कॉलेजातल्या पोरांचे डबे, चष्मे, लग्नपत्रिका, एकदा तर कोंबडी. मी ड्रायव्हरला गाठलं.

"मामा, एवढी डबी मांजरसुंब्याला द्यायची."

"कुणापाशी?"

"चौकातल्या ढाब्यावर ठेवा. आमचा माणूस येऊन घेईल."

त्यानं डबी उघडून बघितली. "कॅसेट हाय?"

"म्हशीची हाय," मी म्हणालो. त्यानं पुढं काही विचारलं नाही. डबी देण्याआधी मी आतला छापील कागद काढून घेतला. सही कागदावर घेता येईल असा विचार केला. या एवढ्या विचाराचं मला त्या दिवशी फार कौतुक वाटलं होतं.

मग टेलिफोनच्या बूथवरून सोसायटीच्या ऑफिसात फोन लावला. चेअरमननी उचलला. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "आरं बे, कॅसेट खिशात घालून गेलास का तू?" मी म्हणालो, हो. ते म्हणाले, "बरं. दुपारून माणूस धाडतो ढाब्यावर. तू जा तिकडं. आन रामराम सांगायचा इसरू नको."

पुण्यापर्यंत मी निवांत झोपलो.

साहेब मैदानाच्या फाटकावर भेटले. केस पिकले होते, बाकी तसेच. साडेपाच वाजले होते. मी म्हणालो, आधी एक फोन करतो. सोसायटीच्या ऑफिसात फोन लावला तर घंटा वाजतच राहिली. परत लावला. परत तेच. रविवार असला तरी त्या वेळेला ऑफिसात कोणी ना कोणी असतंच, दुधाची नोंद तिथंच होते. सगळे गेले कुठं? साहेब घड्याळ बघत होते. मी तिसऱ्यांदा लावला, मग फोन ठेवला आणि आत गेलो.

तो आला तेव्हा ऊन पूर्ण गेलं नव्हतं. आम्ही बरेच मागं होतो. लांबून तो आमच्या बाजारात मिरच्या विकणाऱ्या म्हाताऱ्यासारखा दिसत होता, किडकिडीत, जरा वाकलेला. स्टुलावर बसला, गिटार मांडीवर घेतली, आणि पहिला सूर काढला. पुढची माणसं ओरडली. साहेबांनी माझा दंड धरला.

मला लाज वाटते, पण खरं सांगतो. आयुष्यभर ज्याची वाट बघितली तो समोर वाजवत होता आणि मी बघत होतो मावशीची बादली. माणूस ढाब्यावर गेला असेल ना. गेला तर फोन का उचलला नाही. म्हशीनं लाथ मारली असेल का. मावशी आता लेकाला फोन लावायला हायवेपर्यंत चालत गेली असेल का. तो एकेक सूर ताणत होता आणि मी प्रत्येक सुराला विचारत होतो, सोडला का पान्हा.

चौथं की पाचवं गाणं सुरू झालं आणि साहेब म्हणाले, "हे घे, तुझं." मला ओळखू आलं नाही. ते फार घाईचं वाटलं. आणि तो जो सूर मला यायला हवा होता, तिथं त्यानं भलतंच काही वाजवलं, छान होतं, पण भलतंच.

"हे ते न्हाई," मी म्हणालो.

"तेच आहे. तो दर वेळी वेगळं वाजवतो. आणि तुझा टेपरेकॉर्डर हळू चालत असणार, पट्टा ढिला झाला की चालतो तसा."

म्हणजे इतकी वर्षं मी त्याला हळू करून ऐकत होतो. त्याचा आवाजही मी समजत होतो त्यापेक्षा बारीक होता. मी हिशोब केला, की मी ज्याचा इतका भक्त आहे तो माणूस अर्धा त्यानं बनवलेला आहे आणि अर्धा माझ्या टेपरेकॉर्डरच्या पट्ट्यानं. तरी शेवटच्या गाण्याला माझे डोळे भरले. कशासाठी ते नीट सांगता येणार नाही. सही मिळाली नाही, मिळण्यासारखी जागाच नव्हती. रामराम मी जागेवरूनच हात जोडून केला.

सोमवारी दुपारी मांजरसुंब्याला उतरलो आणि छावणीपर्यंत जवळजवळ पळतच गेलो. बायको पेंडीच्या पोत्यावर बसून डबा सोडत होती. मी नसलो की छावणीत तिचा एक फेरा असायचा.

"म्हैस?" मी म्हणालो.

"बसा आधी. काय अवतार झालाय."

"म्हैस आटली का?"

तिनं भाकरी माझ्यापुढं ठेवली आणि सांगायला लागली. ड्रायव्हरनं सांगितल्याप्रमाणे डबी चौकातल्या ढाब्यावर ठेवली होती. पण मांजरसुंब्याला चौकाशिवाय ढाबा असतो कुठं? चारी रस्त्यांना ढाबेच ढाबे. चेअरमननी धाडलेला माणूस एका ढाब्यावर विचारून परत आला. पाच वाजले तरी डबी नाही. सगळी छावणी भोंग्याखाली गोळा झाली, ऑफिसातला माणूससुद्धा तिथंच. म्हशीला धरून ठेवली होती आणि ती पाय झाडत होती.

"मग चेरमननी माइक घेतला," बायको म्हणाली.

"अण्णांनी? कशाला?"

"गाणं म्हणाया. आवाज आला तसा म्हशीनं खुटा उपटला."

मी भाकरी हातात तशीच धरून ऐकत होतो.

"मग मावशी म्हणाली, चेरमन, तुमी गप ऱ्हावा. उगं जनावराला भ्या दावू नका. आन खाली बसली, कासेला हात लावला, आन म्हणाया लागली."

"काय म्हणायला लागली?"

"तुमचं तेच की. तिसरं. शब्द न्हाईत, नुसतं तोंडानं. सगळं म्हणली. पहिल्यापासून शेवटपतूर." बायकोनं डब्यातली चटणी माझ्यापुढं सरकवली. "एक जागा चुकली न्हाई. तुमी गुणगुणताना रोज चुकता."

म्हशीनं अर्ध्याच्या वर दूध दिलं होतं. सोमवारी सकाळी सगळं दिलं. दोन महिने रोज दोन वेळा, भोंग्याच्या बरोबर खाली बसून मावशीनं ते ऐकलं होतं. मी वर्षानुवर्षं ऐकत होतो, पण मी माझ्याकडं बघत ऐकत होतो. तिचं लक्ष गाण्याच्या त्या जागेवर असे जिथं दूध येई.

चेअरमन सहा ढाबे फिरून डबी घेऊन आले. एका गल्ल्यावर बडीशेपेच्या ताटलीशेजारी ती पडली होती. त्यांनी ती माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "रामराम सांगितला का?" मी म्हणालो, सांगितला. "काय म्हणला?" मी म्हणालो, बरं वाटलं म्हणाला.

संध्याकाळी पाच वाजता मी कॅसेट टेपरेकॉर्डरमध्ये घातली. मावशी खालून म्हणाली, "आज नगं लावू. जरा माझं माझं बघू दे."

"पण पेंडीला लोक यायला पाह्यजे ना."

"मागनं लाव. आधी माझी धार होऊ दे."

मी तिच्याजवळ जाऊन उकिडवा बसलो. पुण्याला जे ऐकायला गेलो होतो आणि जे मिळालं नव्हतं ते इथं होतं, एवढं मला कळलं होतं. "मावशी," मी म्हणालो, "आधी एकदा मला म्हणून दाखव की."

तिनं माझ्याकडं असं बघितलं, की मला वाटलं आता ती म्हशीलाच सांगेल, याला एक लाथ घाल.

"तुला म्हणून दाखवू? मी म्हशीसाठी म्हणते. तुज्यासाठी कावून म्हणू? तू काय दूध देणार हायस?"

मी उठून पेंडीच्या पोत्यांमागं जाऊन उभा राहिलो. तिला मी दिसत होतो, पण तिनं दिसत नसल्यासारखं केलं. कास धुतली, हात पुसले, बादली गुडघ्यात धरली आणि बारीक आवाजात सुरुवात केली. हळू. माझ्या टेपरेकॉर्डरच्या चालीनं, पट्टा ढिला असलेल्या चालीनं. त्या जागेला आली आणि तिनं सूर ताणला, तिच्या वयाला झेपेल एवढाच, आणि खाली आणून ठेवला. म्हशीचे कान मागं गेले. बादलीच्या तळाशी धार वाजली, मग दुसरी.

मी पोत्यांमागं तसाच उभा होतो. मान न वळवता ती म्हणाली, "शेक्रेटरी, झालं ऐकून. पेंड आण आता."